आत्याची अपात्रता

माझी आत्या दहावी पास आहे, आणि ही गोष्ट ती कुणालाही ओळख झाल्यावर पहिल्या दोन मिनिटांत सांगते. मी राज्यशास्त्राची पदवीधर आहे, आणि ही गोष्ट मी होता होईतो लपवते. कारण ती कळली की लोक काहीतरी विचारतात, आणि विद्यापीठातल्या तीन वर्षांतलं मला आठवतं ते एवढंच: कँटीनचा चहा, मागच्या बाकावर येणारं ऊन आणि राज्याचे चार घटक. त्या चारांतले मला तीन सांगता येतात. चौथा आत्या सांगते, न विचारता.

ही उलटी गंगा कशी वाहायला लागली ते सांगायचं तर आधी आत्याची नोकरी सांगायला हवी. तिने एकतीस वर्षं जुन्या कागदपत्रांच्या कार्यालयात, नक्कल विभागात काढली. कुणाला जुन्या दस्ताची प्रत हवी असली की मूळ कागद समोर ठेवून ती हाताने उतरवून द्यायची. झेरॉक्सची यंत्रं आली तेव्हा तिचे सहकारी एकेक करून दुसऱ्या टेबलांवर गेले, पण काही कागद इतके जीर्ण असत की यंत्रात घातले तर पीठच व्हायचं. ते आत्याकडे येत. उतरवायचा नियम एकच होता, जसं आहे तसं. मूळ कागदात शब्द चुकला असेल तर नकलेतही चुकलाच पाहिजे. डाग असेल तर 'येथे डाग आहे' असं लिहायचं. शेवटी 'अस्सल बरहुकूम' म्हणून खाली सही.

आमच्या घराच्या खरेदीखतात आजोबांचं वय कुणा गाढवाने बत्तीसच्या जागी एकशे बत्तीस लिहून ठेवलं आहे. नक्कल काढायची वेळ आली तेव्हा माझ्या वडिलांनी बहिणीच्या हातापाया पडून सांगितलं, "अगं, तो एक आकडा तेवढा गाळ. आपलेच वडील आहेत." आत्याने गाळला नाही. "मूळ कागद दुरुस्त करून आण, मग बघू," म्हणाली. त्यामुळे आजही सरकारदरबारी आजोबांनी वयाच्या एकशे बत्तिसाव्या वर्षी घर घेतलं आणि त्यानंतर त्यांना तीन मुलं झाली, अशीच नोंद आहे. वडिलांनी हात टेकले.

अशी ही बाई निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. लग्न केलं नव्हतं, सवयी पक्क्या होत्या, आणि घरात उतरवून काढण्यासारखं काही नव्हतं. ती वाण्याची यादीसुद्धा दोन प्रतींत करायला लागली, तेव्हा मला वाटलं, हिला काहीतरी काम शोधून दिलं पाहिजे, नाहीतर आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटेल.

काम मिळालं ते माझ्या ऑफिसात. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रार खिडकीवर बसते. माझ्या खिडकीच्या मागे, लाकडी पार्टिशनपलीकडे, टेलिफोनचा बोर्ड आहे आणि त्या बोर्डावर ऑपरेटर. त्याला सगळं खातं ऑपरेटरच म्हणतं. वय चाळिशीचं, शर्टाला कडक इस्त्री, आवाज असा की तक्रार करायला फोन केलेला माणूस अर्ध्यात तक्रार विसरावा. त्याला जन्मापासून दिसत नाही. एकदा नवीन साहेबांनी भाषणात त्याला 'दिव्य दृष्टी लाभलेले आपले सहकारी' असं काहीतरी म्हटलं, तर हा मागून म्हणाला, "साहेब, मला दिसत नाही. एवढंच आहे. त्याला कोट-टोपी कशाला घालता?"

हा ऑपरेटर नोकरी करून राज्यशास्त्रात एम.ए. करत होता. अभ्यास ऐकून करायचा, पण परीक्षेत उत्तरं लिहायला त्याला लेखनिक लागायचा. आणि लेखनिकासाठी विद्यापीठाचा नियम कडक: तो परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, आणि त्याला त्या विषयाचं ज्ञान असता कामा नये. मी मोठ्या मनाने म्हटलं, "मी येते ना."

"तुम्ही राज्यशास्त्राच्या पदवीधर," तो म्हणाला. "चालणार नाही."

"अहो, पण मला काहीच येत नाही!"

"ते मला माहीत आहे. विद्यापीठाला कुठे माहीत आहे?"

मला राग यायला हवा होता, पण तो बरोबर बोलत होता. मी आत्याचं नाव सुचवलं. दहावी पास, विषयाचा गंध नाही, अक्षर मोत्यासारखं, आणि एकतीस वर्षांत एक वेलांटी इकडची तिकडे केलेली नाही. ऑपरेटर म्हणाला, "अशी माणसं असतात?" मी म्हटलं, "एक आहे. आमच्याकडेच राहते."

पहिल्याच पेपरला दोघांचं जमलं. तो सांगायचा, ती लिहायची, मग तो म्हणायचा, "वाचा काकू," आणि ती वाचून दाखवायची. टेबलावर मधोमध एक रेकॉर्डर चालू असायचा. पूर्वी कुणा परीक्षार्थीच्या मेव्हण्याने लेखनिक म्हणून बसून सगळा पेपर स्वतःच सोडवला होता म्हणे, तेव्हापासून विद्यापीठ हे बोलणं टेप करून ठेवायचं. ते टेप पाकिटात घालून, सील करून कपाटात जात. ते कुणी कधी ऐकल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं.

खरी गंमत परीक्षेच्या बाहेर सुरू झाली. ऑपरेटरला पुस्तकं वाचून दाखवायला माणूस हवा होता. दुपारी दोन ते चार बोर्ड जरा शांत असतो. मग आत्या घरून फोन लावायची आणि पुस्तक वाचायची. मध्येच कुणाचा फोन आला की तो म्हणायचा, "थांबा काकू," आणि लाइन जोडून परत यायचा. मी पार्टिशनच्या अलीकडे बसून त्याचं अर्धं बोलणं ऐकायची. "सार्वभौमत्व अविभाज्य असतं, इथवर आलो होतो. हॅलो, पाणीपुरवठा. तिसरी गल्ली? बरं, जोडतो. हां काकू, अविभाज्य." घरी आत्याला तर दुसरं अर्धं पाठ व्हायला लागलं.

दोन वर्षं असं चाललं. आणि जिला विषयाचा गंध नव्हता तिला त्या विषयाचा वास सगळीकडे यायला लागला. वडील टीव्हीचा रिमोट मांडीखाली घेऊन बसले की आत्या म्हणायची, "सत्तेचं केंद्रीकरण." आईने न विचारता पडदे बदलले तर, "निर्णय चांगला आहे वहिनी, पण वैधता कुठून आणलीस?" इमारतीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीवरून दोन मजले हमरीतुमरीवर आले, तेव्हा हिने उभं राहून सांगितलं की पंप चालू करणारा आणि पाणी कधी सोडायचं ते ठरवणारा एकच माणूस असता कामा नये. तिचं म्हणणं मान्य झालं. टाकी त्यानंतर दोनदा कोरडी पडली, कारण ठरवणारा गावाला गेला की चालू करणारा बसून राहायचा. पण तत्त्व म्हणून ते बरोबर होतं, असं आत्या अजून सांगते.

मी एकदा तिला म्हटलं, "आता तूच का नाही घेत प्रवेश? बाहेरून बसता येतं. तुला माझ्याहून जास्त येतं."

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "मी शिकले तर मी अपात्र. मग त्याचा पेपर कोण लिहिणार?"

म्हणजे कमी शिक्षण हीच तिची पात्रता होती, आणि आत्या ती जिवापाड जपत होती. आम्ही हसायचो. तिच्या मनात काय होतं ते मी तेव्हा विचारलं नाही, ही माझी चूक.

शेवटच्या सहामाहीत ऑपरेटरच्या नोकरीवर गदा आली. खात्याने नवं यंत्र घ्यायचं ठरवलं. फोन केला की यंत्रच बोलणार: तक्रारीसाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा. बोर्ड जून महिन्यात बंद. ऑपरेटरला कुठे घालायचं याचा वरच्यांनी फार विचार करून त्याला फायलींच्या खोलीत टाकायचं ठरवलं. ज्याला दिसत नाही त्याला फायली लावायला! तो म्हणाला, "मला तिथे अडचण काहीच नाही. फायली मागायला येणाऱ्यांना येईल." त्याच्या बोलण्यावर सगळे हसले. मी पार्टिशनच्या इतकी जवळ बसते की हसून झाल्यावर तो बराच वेळ हेडफोन हातात घेऊन नुसता बसला होता, ते मला कळलं.

त्यातून बाहेर पडायची एक वाट होती. विद्यापीठाच्या पत्रद्वारा शिक्षण केंद्रात राज्यशास्त्र शिकवायला एक जागा निघाली होती. आवाजाचंच काम. विभागप्रमुख मॅडमनी त्याला सांगितलं होतं, "पंचावन्न टक्के आणा, मुलाखतीला या." पंचावन्नच्या खाली अर्ज घेतच नाहीत. तीन सहामाह्या मिळून तो अगदी काठावर होता. सगळं शेवटच्या चार पेपरांवर आलं, आणि त्यातही शेवटच्या पेपरावर.

त्या पेपरात वीस गुणांचा प्रश्न आला: प्रतिनिधी हा मतदारांचा निरोप्या असावा की विश्वस्त? म्हणजे लोकांनी सांगितलं तेवढंच त्याने पुढे पोचवायचं, की स्वतःची अक्कल वापरून त्यांच्या भल्याचं करायचं? हा धडा आत्याने त्याला तीनदा वाचून दाखवला होता. पुस्तकात दोन्ही बाजू होत्या आणि शेवटी छानसा समन्वय होता: रोजच्या कामात निरोप्या, संकटात विश्वस्त. आत्याला तो समन्वय फार आवडायचा.

परीक्षा झाली. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "छान गेला पेपर," आणि चहा न घेता झोपली. दुपारी साडेचारला. मी म्हटलं, दमली असेल.

निकाल लागला. सोळाशेपैकी आठशे शहात्तर. टक्केवारी चौपन्न पूर्णांक पंचाहत्तर. चार गुण कमी.

मी ऑफिसात कपाळावर हात मारून घेतला. ऑपरेटर शांत होता. म्हणाला, "यंत्रालाही कधीकधी रॉंग नंबर लागतो. उत्तरपत्रिकेची प्रत मागवू." प्रत आली ती आमच्या पत्त्यावर, कारण ती वाचून आत्याच दाखवणार होती.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर आत्या जेवणाच्या टेबलाशी प्रत पसरून बसली होती. तिचे दोन्ही हात कागदावर सपाट होते, जीर्ण कागद उडू नये म्हणून ती नोकरीत असताना ठेवायची तसे. मी वाकून बघितलं. वीस गुणांच्या त्या प्रश्नाला सात गुण होते. आणि शेवटच्या परिच्छेदापाशी लाल शाईत शेरा: 'हे पुस्तकातलेच. स्वतःचे मत काय?'

"काय म्हणायचं या परीक्षकाला!" मी तडकले. "एवढं छान लिहिलंय ऑपरेटरने!"

"हे त्याने नाही लिहिलं," आत्या म्हणाली. "मी लिहिलं."

मला आधी काही उमगेना. मग तिने एकेक करून सगळं सांगितलं.

पेपरात ऑपरेटरने दोन्ही बाजू नीट मांडल्या. मग शेवट सांगताना समन्वय सोडून तो भलतंच बोलायला लागला. टेलिफोनच्या बोर्डाबद्दल. एम.ए.च्या शेवटच्या पेपरात, पंचावन्न टक्के टांगणीला लागलेले असताना, हा माणूस आपल्या ऑफिसातल्या गोष्टी सांगायला लागला! आत्याने तीनदा विचारलं, "हे लिहू?" तिन्ही वेळा तो म्हणाला, "लिहा." तिला वाटलं, दमलाय, घाबरलाय, शेवटची दहा मिनिटं आहेत, वाहवत चाललाय. याचं भलं कशात आहे ते या घटकेला मला कळतंय, याला कळत नाहीये. आणि एकतीस वर्षं जिने बापाच्या वयातला आकडा गाळला नाही, तिने ऑपरेटरने सांगितलेला सगळा शेवट गाळून त्या जागी पुस्तकातला समन्वय लिहिला.

"बरं मग," मी म्हटलं, "त्याने वाचून घेतलं असेल ना?"

"घेतलं."

"आणि?"

"त्याने सांगितलं होतं तेच मी म्हणून दाखवलं. शब्दन्‌शब्द. कागदावर दुसरंच होतं."

मला खरं तर तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी त्याऐवजी वकिली सुरू केली. "हे बघ आत्या, हे तू कुणालाही सांगायचं नाहीस. गैरप्रकार म्हणून त्याचा पेपर रद्द होईल. आता निदान एम.ए. तरी आहे तो. तू बोललीस तर तेही जाईल. त्याच्या भल्यासाठी तरी गप्प बस."

"त्याच्या भल्यासाठी," आत्या म्हणाली, "मी एकदा ठरवलंय. त्याचे सात गुण आलेत. आता तो ठरवेल."

तिने नियमपुस्तक आधीच मागवून वाचलं होतं. अकरावा नियम तिने मला वाचून दाखवला: परीक्षार्थीने उच्चारलेलं उत्तर हेच त्याचं उत्तर, लेखनिकाची प्रत ही केवळ सोय. बारावा नियम तिने जरा हळू वाचला: लेखनिकाने मजकूर बदलल्यास आणि परीक्षार्थीस ते ठाऊक असल्यास पेपर रद्द. म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं हे सिद्ध व्हायला हवं होतं. आणि ते सिद्ध करणारी एकच वस्तू जगात होती, कपाटातला तो टेप. त्या टेपमध्ये आत्याचं खोटं वाचन होतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता, नेहमीच्या वेळी, आत्याने फोन लावला. मी पार्टिशनपाशी कान लावून बसले होते, लाज सोडून. ऑपरेटर म्हणाला, "हां काकू, आली का प्रत?" मग तो बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी फक्त म्हणाला, "पण तुम्ही वाचून दाखवलंत." आणि त्याने फोन ठेवला.

ज्यांनी कधी टेलिफोनच्या बोर्डावर काम केलेलं नाही त्यांना याचं काही वाटणार नाही. ऑपरेटर कधीच आधी फोन ठेवत नसे. शिव्या देणाऱ्याचाही नाही. समोरच्याने ठेवल्याचा आवाज आल्यावरच तो हात हलवायचा, हा त्याचा बावीस वर्षांचा नेम. त्या दिवशी त्याने आधी ठेवला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तक्रारी जोडून द्यायचा, "खिडकी" एवढंच म्हणायचा, की मी घ्यायची. घरी आत्या वाण्याच्या याद्या करत होती, तीन तीन प्रतींत. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांसाठीही रडू येत होतं, आणि अशा वेळी मी काय करते तर सगळ्यांवर खेकसते. वडिलांनी रिमोट स्वतःहून मांडीखालून काढून टेबलावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी पार्टिशनपलीकडून आवाज आला. "खिडकी. तुमच्या आत्यांना सांगा, उद्या अकरा वाजता विद्यापीठात. आणि म्हणावं, मला हात धरून नेताना रस्ता नीट बघून चाला. मला दिसत नाही."

विभागप्रमुख मॅडमची खोली पुस्तकांनी इतकी भरलेली होती की बसायला दोनच खुर्च्या मोकळ्या होत्या, म्हणून मी दारात उभी राहिले. मॅडम ठेंगण्या, हातात किल्ल्यांचा हा मोठा जुडगा. आत्याने उभं राहून, दस्त वाचावा तसं, सगळं सांगितलं. एकही शब्द स्वतःच्या बाजूने घातला नाही. मॅडमनी चष्मा काढला, कपाट उघडलं, पाकिटाचं सील तोडलं आणि टेप लावला.

मी त्या दोघांची परीक्षा पहिल्यांदाच ऐकत होते. कागदाची सळसळ. ऑपरेटरचं खोकणं. "स्वल्पविराम द्या." "दिलाय." "कुठे दिलात?" "जिथे तुम्ही श्वास घेतलात तिथे." मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो शेवटचा भाग आला. ऑपरेटरचा आवाज, सावकाश:

"पण मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा विचारला आहे. मी बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर आहे. मी निरोप्या नाही, कारण निरोप मी सांगत नाही. मी विश्वस्तही नाही, कारण निर्णय माझा नाही. माझं काम लाइन जोडून देणं आणि लगेच बाजूला होणं. जो ऑपरेटर मध्ये बसून ऐकतो, तो आज ना उद्या मध्ये बोलायला लागतो. त्याचा हेतू चांगला असतो. पण मग बोलणाऱ्याला वाटत राहतं आपण बोलतोय, आणि पलीकडे भलताच कुणीतरी बोलत असतो. प्रतिनिधीची परीक्षा एवढीच की तो लाइनवरून बाजूला होतो की नाही."

"हे लिहू?" टेपमधली आत्या.

"लिहा."

"नक्की?"

"लिहा हो काकू."

"हे पुस्तकात नाहीये."

"म्हणूनच म्हणतो, लिहा."

मग पेनचा आवाज. बराच वेळ. मग ऑपरेटर: "वाचा." आणि टेपमधल्या आत्याने तेच सगळं म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक स्वल्पविराम न चुकता. "छान," टेपमधला ऑपरेटर म्हणाला. "मला आवडलं."

खोलीतली आत्या रडत होती. आवाज न करता, पर्स घट्ट धरून. "मी तुमच्या लाइनवर बसून ऐकलं," ती म्हणाली, "आणि मध्ये बोलले. तुम्ही तेच सांगत होतात आणि मी तेच करत होते."

ऑपरेटरने तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "काकू," तो म्हणाला, "माझ्या उत्तराला याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं." मग म्हणाला, "राग आहे. जाईल. जायला थोडा वेळ द्या."

पुढे तीन आठवडे समिती, पत्रं, बाहेरचे परीक्षक. परीक्षकांनी टेप ऐकून ते उत्तर नव्याने तपासलं. सातच्या जागी चौदा. आठशे त्र्याऐंशी. पंचावन्न पूर्णांक एकोणीस. माझा जीव भांड्यात पडला आणि मी खिडकीवर आलेल्या एका तक्रारदाराला चक्क 'अभिनंदन' म्हटलं. त्याच्याकडे आठ दिवस पाणी नव्हतं.

आत्यालाही विद्यापीठाचं पत्र आलं. तिने ते आम्हा सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं, या खेपेला कागदावर होतं तेच. 'सदर लेखनिकेस राज्यशास्त्र या विषयाचे पुरेसे ज्ञान असल्याचे निदर्शनास आल्यामुळे, तसेच त्यांनी मजकुरात फेरफार केल्यामुळे, त्यांना लेखनिक म्हणून कायमचे अपात्र ठरविण्यात येत आहे.'

"दुसरं कारण शिक्षेचं आहे आणि ती मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण पहिलं वाचलंत का? विद्यापीठाने लेखी दिलंय." दहावीच्या प्रमाणपत्रानंतर तिला मिळालेलं हे दुसरं. तिने त्याची हाताने नक्कल केली, खाली 'अस्सल बरहुकूम' लिहून सही केली, आणि नक्कल फ्रेम करून घेतली. अस्सल कागद तिने प्रवेश अर्जाला जोडला. कारकुनाने विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "पूर्वशिक्षणाचा पुरावा." त्याने ते पत्र परत केलं आणि तिला पूर्वतयारीच्या वर्गात घातलं, दहावीवाल्यांना घालतात तिथे.

तो वर्ग पत्रद्वारा केंद्रात रविवारी सकाळी भरतो. शिकवायला ऑपरेटर. मुलाखतीत त्याला एकच प्रश्न विचारला गेला म्हणे, आणि उत्तर ऐकताना दोन परीक्षक घड्याळ बघायचं विसरले. ऑफिसात आता त्याच्या जागी यंत्र बोलतं, आणि मी ते ऐकलं की अजून खवळते.

पहिल्या रविवारी मी आत्याला सोडायला गेले आणि मागच्या बाकावर बसले, जुन्या सवयीने. समोर पंधरा-वीस माणसं, सगळी आमच्यासारखी. ऑपरेटरने विचारलं, "राज्य कशासाठी हवं? कोण सांगतं?" आत्याचा हात वर. हात वर केलेला त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन ती म्हणाली, "मी." आणि तिने उत्तर दिलं. दुसऱ्या सहामाहीचं पुस्तक, प्रकरण पहिलं, जसंच्या तसं, परिच्छेद सोडतानाचा श्वाससुद्धा.

"हे पुस्तकातलं झालं," ऑपरेटर म्हणाला. "तुमचं काय, काकू?"

आत्याने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मला कळलं की ती कुणीतरी काहीतरी सांगेल याची वाट बघतेय. आयुष्यभर कुणीतरी सांगितलं होतं. आता सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता आणि कागद कोरा होता.

ऑपरेटरने टेबलाच्या खणातून आपली ब्रेलची पाटी काढली. तीत जाड कागद बसवला, टोचणी हातात घेतली, आणि मान तिच्या दिशेने कलती केली.

"सांगा काकू," तो म्हणाला. "मी लिहितो. स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही."

आत्याने श्वास घेतला. टोचणी टक्‌कन वाजली.

"अजून मी काही बोलले नाही," आत्या म्हणाली.

"श्वास घेतलात ना? स्वल्पविराम दिला."